मसाल्याचा खरा लाल

लालबागला मसाला घ्यायला आलेली बाई आधी मिरची मोडते. कडक आवाज आला तर मिरची सुकी, नुसतीच वाकली तर ओल आहे. मग बी बघते, देठ बघते, वास घेते आणि शेवटी भाव विचारते. आमच्या सासरच्या दुकानात हे मी रोज बघते. हाच मसाला ऑनलाइन विकायचा म्हटला की यातलं काहीच गिऱ्हाइकाच्या हातात राहत नाही. मोडणं, हुंगणं, चिमूट जिभेवर ठेवणं, हे सगळं काम एकट्या फोटोवर येऊन पडतं. म्हणून छोटा धंदा करणाऱ्याने फोटोसेशनच्या तयारीला लग्नाच्या बस्त्याइतका तरी वेळ द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

आमचं पहिलं फोटोसेशन वाया गेलं ते रंगापायी. फोटोग्राफर हुशार होता, पण त्याचं बहुतेक काम लग्नांतलं. भर दुपारी आला, दुकानातल्या ट्यूबलाइट चालूच ठेवल्या, समोरच्या निळ्या ताडपत्रीतून झिरपणारं ऊनही तसंच येऊ दिलं, आणि नंतर कॉम्प्युटरवर लाल रंग चढवला. फोटो डोळे दिपवणारे आले. पण मालवणी मसाला, घाटी मसाला आणि नुसती बेडगी मिरचीपूड, तिन्ही वाट्यांत तीच लालभडक पूड! मालवणी मसाल्यात धणे, बडीशेप, दगडफूल, लवंग, दालचिनी भाजून पडते. तो तपकिरीकडे झुकणारच. बेडगी मुळात रंगासाठी घेतात, तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी. हे फरक म्हणजेच आमची विद्या, आणि नेमके तेच फोटोतून पुसले गेले.

दादरच्या एका काकूंनी पार्सल उघडून लगेच फोन केला, “अगं, फोटोत लालेलाल आणि हा असा काळपट? मागच्या वर्षीचा माल काढलास की काय?” परळच्या एकीने तर घेण्याआधीच विचारलं, “ताई, रंग मिसळत नाही ना?” तिचा प्रश्न रास्त होता. मिरचीपुडीत कृत्रिम रंग घालण्याचे प्रकार आपल्याकडे होत आले आहेत, आणि जाणती गृहिणी फाजील लाल दिसलं की सावध होते. माल चोख असून आमच्याच फोटोने त्याच्यावर संशय आणला. दिवसभर मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बायकांकडे बघून मला याचं फार वाईट वाटलं. शिवाय हा नुसता मनस्तापाचा विषय नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तेव्हा सगळ्यात आधी रंगाचं बघा. लाल हा कॅमेऱ्याला अवघड जाणारा रंग आहे. उजेड थोडा जास्त झाला की पुडीतला दाणा, बियांचे पिवळे ठिपके, सालीचे बारीक तुकडे नाहीसे होतात आणि सपाट डाग उरतो. फोटो किंचित गडद काढायला सांगा, नंतर उजळता येतो. ट्यूब, बल्ब आणि ऊन यांची प्रत्येकाची छटा वेगळी, म्हणून एका वेळी एकच उजेड ठेवायचा. पहिल्या फ्रेममध्ये मालाशेजारी ग्रे कार्ड ठेवायला लावायचं, म्हणजे पुढे रंग जुळवायला आधार मिळतो. आणि खऱ्या मसाल्याचं एक पाकीट फोटोग्राफरबरोबर घरी पाठवा. एडिटिंग करताना ते स्क्रीनशेजारी उघडं असलं पाहिजे. माझ्या मते या एका गोष्टीने निम्मं काम होतं.

जागेसाठी स्टुडिओच हवा असं नाही. गिरगाव, परळच्या जुन्या चाळींच्या गॅलरीत, जिथे ऊन थेट पडत नाही पण उजेड भरपूर असतो, तिथे पाट टाकून सुंदर फोटो निघतात. उजेडाच्या विरुद्ध बाजूला पांढरी कार्डशीट उभी केली की सावली मऊ होते. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, नाहीतर वाळत घातलेल्या कपड्यांवरून सकाळीच वाद. रस्त्यावर किंवा फुटपाथवर लवाजमा लावायचा असेल तर परवानगीची चौकशी आधी करा. रेल्वेच्या हद्दीत धंद्यासाठी फोटो काढायला रेल्वेची परवानगी लागतेच.

मसाला कुटायच्या डंकावरचे फोटो मात्र डंकावरच काढावेत. मुसळं एकामागून एक आदळतात, दर ठोक्याला उखळातून लालसर धूळ उठते, आणि नाकाला रुमाल बांधलेला माणूस कडेला आलेला मसाला हाताने पुन्हा मध्ये सारतो. ही हालचाल कुठल्याही सजवलेल्या ताटापेक्षा जास्त बोलते. पण फोटोग्राफरला ठसक्याची कल्पना द्या. लेन्स तिथे बदलू नका, कारण ती धूळ कॅमेऱ्यात शिरली की प्रत्येक फोटोवर डाग. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर दमटपणाने वाफ धरते, तेव्हा कॅमेरा आधी बाहेर काढून ठेवायला सांगा. काम करणाऱ्या बायकांना आणि डंकवाल्यांना फोटो कुठे लागणार ते स्पष्ट सांगून होकार घ्या. एखादी नको म्हणाली तर नको.

फोटो कुठे लागणार हे कागदावर लिहून काढल्याशिवाय तारीख ठरवू नका. अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोला निव्वळ पांढरी पार्श्वभूमी लागते आणि वस्तूने चौकटीचा किमान ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. दुकानात लावायच्या पोस्टरला याच्या उलट, दिवाळीची ऑफर लिहायला मोकळी जागा हवी. छापायला एका इंचात ३०० पिक्सेल धरले तर ए-फोर कागदासाठी साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलची फाइल लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली फाइल दबते, ती डॉक्युमेंट म्हणूनच मागवा.

पाकिटाचं लेबल अंतिम झालं नसेल तर थांबा. एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, वजन, तारीख, यातलं एक जरी बदललं तरी सगळे फोटो जुने होतात. गिरगावात १९१० मध्ये किराणा दुकानातून सुरू झालेले बेडेकर, १९३१ मध्ये शाईपासून सुरू झालेलं दांडेकरांचं कॅम्लिन, परळला १९५२ मध्ये उभी राहिलेली पेंढरकरांची विको, हे सगळे याच गिरगाव-परळ भागातले धंदे. कॅम्लिनचा उंट किंवा विकोची पिवळी ट्यूब आपण नाव न वाचता ओळखतो. दर फोटोत वेगळं लेबल, वेगळा रंग दिसला तर अशी ओळख कधी तयार होणार?

भांडीकुंडी घरातलीच बरी. पितळी वाटी, पाटा-वरवंटा, आजेसासूबाईंची चिनी मातीची बरणी, एवढं आमच्याकडे पुरलं. फुलांची आरास, विलायती पानं, न विकलेले पदार्थ ताटात नकोत.

दिवसही जपून निवडावा. गणपतीच्या आसपास लालबागमध्ये सामान घेऊन येण्याचं नावही काढू नका. शिमग्यापासून पावसापर्यंत आमचा मसाल्याचा हंगाम, तेव्हा दुकानात उभं राहायला जागा नसते. पावसाळ्यात उजेड छान मऊ असतो, पण मसाल्याला ओल धरून गुठळ्या होतात, पापड नरमतात. पाकीट ऐन वेळी फोडायचं. फराळवाल्यांनी दिवाळीचे फोटो श्रावणातच उरकावेत.

आता पैशांचं. आमच्या त्या फोटोग्राफरने मोठ्या फाइली द्यायला वेगळे पैसे मागितले आणि फोटो छापण्याचा हक्कही आपलाच म्हणाला. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, पण वेगळा करार नसेल तरच. त्याच्या छापील कागदावर तसा करार होता. म्हणून सही करण्याआधी ती ओळ शोधा. किती फोटो, कोणत्या मापाच्या फाइली, किती वेळा दुरुस्ती, कधीपर्यंत मिळणार आणि हक्क कोणाचा, हे मराठीत लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि मगच आगाऊ रक्कम द्या. पुढच्या वर्षाचा दरही त्याच कागदावर ठरवून टाका. नव्या हंगामाची मिरची आली की रंग थोडा बदलतो, आणि वाट्यांचे फोटो पुन्हा काढावे लागतात.