मागे काय ठेवावे?



बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा या गावाचा इतिहास मनन करण्याजोगा आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे निजामुल्मुल्क व दख्खनचा सुभेदार मुबारिजखान यांचे युद्ध झाले. मुबारिजखान रणात पडला आणि हैदराबादच्या निजामी सत्तेचा पाया घातला गेला. विजयाची स्मृती टिकावी म्हणून निजामाने गावास ‘फतेहखेर्डा’ हे नाव दिले. ते आज इतिहासग्रंथांत आढळते. लोकांच्या मुखी मात्र साखरखेर्डाच आहे. सत्तेने नाव देता येते, ते जिभेवर रुजविता येत नाही.

याच मुलखातील लोणार व मेहकर ही स्थाने सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंच्या चरणस्पर्शाने पावन झाली. स्वामींनी स्वहस्ते ग्रंथ लिहिला नाही, आपल्या नावाची वास्तू उभारली नाही. तरीही त्यांचे बोलणे-चालणे सातशेहून अधिक वर्षांनंतर आपणांस ज्ञात आहे. हे कशाने घडले?

स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर श्रीनागदेवाचार्यांच्या छायेत म्हाइंभटांनी लीळा संकलित केल्या. हा काळ सुमारे १२७८ चा मानतात. ज्याने जे पाहिले, ऐकले, त्याच्याकडे जाऊन त्यांनी विचारले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हा मुखोद्गत पाठांवरून ग्रंथ पुन्हा सिद्ध करावा लागला. स्मरणात भेद पडला तेथे हिराइसादिकांचे निरनिराळे पाठ ‘वासना’ म्हणून नोंदविले गेले. एकाचे स्मरण राखण्यासाठी दुसऱ्याचे पुसून टाकले नाही. ही सचोटी हाच आपला खरा वारसा होय.

येथे कोणी शंका घेईल की, ज्याने ममत्व टाकावयाचे त्या साधकाने मागे काय ठेवावे याची चिंता का वाहावी? शंका रास्त आहे. परंतु आपले नाव मागे ठेवणे वेगळे आणि आपल्याला मिळालेले पुढे पोचविणे वेगळे. पहिल्यात अहंता आहे, दुसऱ्यात ऋणमुक्ती आहे. म्हाइंभटांनी स्वतःचा महिमा नव्हे, स्वामींच्या लीळा मागे ठेविल्या.

आज अनेक घरांत जुनी पोथी रुमालात बांधलेली असते. तिला नित्य दंडवत घडते, पण ती सोडून वाचली जात नाही. ज्या वृद्धांना पाठ मुखोद्गत आहेत, त्यांच्याजवळ बसावयास आपणांस सवड नसते. असे एकेक वृद्ध निघून जातात आणि त्यांच्यासह एकेक पाठ नाहीसा होतो. हा नाश करावयास कोणतेही परचक्र यावे लागत नाही. आपला आळस पुरेसा आहे.

म्हणून प्रत्येकाने एवढे तरी करावे. एका वडीलधाऱ्याकडे जावे, ते सांगतील ते जसेच्या तसे लिहावे, कोणी सांगितले ते नोंदवावे आणि पदरचे काही घालू नये. लिहिणाऱ्याचे नाव उद्या विसरले गेले तरी खेद नसावा. सांगितलेले शुद्ध राहिले, म्हणजे आपले काम झाले.

दंडवत प्रणाम.