दोनशे रुपयांची कपात

चि. ओंकार यास,


तुझा पहिला पगार झाल्याचं ऐकलं आणि देवापुढे साखर ठेवली. फोनवर तू म्हणालास, "आजी, इथवर माझा मी आलो." तुझी मेहनत मी डोळ्यांनी पाहिली आहे. पण पाठोपाठ पगारातून दोनशे रुपये कापल्याची कुरकुर केलीस, ती मनात राहिली. म्हणून हे पत्र.

तो व्यवसाय कर. फेब्रुवारीत तीनशे कापतील. १९७५ च्या कायद्याने तो लागू झाला, तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. आणि त्या योजनेशी आपल्या घराचं नातं आहे, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी तिसरीत होते. विहिरी आटल्या, बैल मिळेल त्या भावाने गेले. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, आम्हा पोरांना सुकडी. माझी आई, म्हणजे तुझी पणजी, पाझर तलावाच्या कामावर जायची. पहिली पाटी उचलण्याआधी मातीला हात लावून विठ्ठलाचं नाव घ्यायची. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून पगाराच्या दिवशी मला बरोबर न्यायची. मस्टरवर तिच्या नावापुढच्या हजेऱ्या मी बोट ठेवून मोजायच्या, त्या बरोबर भरल्या की मगच ती शाईचा अंगठा उठवायची. मागे रांग खोळंबायची, मुकादम ओरडायचा, ती जागची हलायची नाही. सगळा भार विठ्ठलावर टाकणारी बाई हजेरी मात्र मोजून घ्यायची. माझी श्रद्धा मी तिथे शिकले. आपल्या वाटणीचं काम चोख करायचं, आणि जे आपल्या हातात नाही त्यासाठी जीव जाळत बसायचं नाही.

दुष्काळ सरला तरी उन्हाळ्यात रोजगार हमीची कामं निघायची. माझ्या डी.एड.ची फी त्याच मजुरीतून भरली गेली. मी मास्तरीण झाले, तुझी आई शिकली, तू इंजिनिअर झालास. त्या मजुरीत मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत आणि बँकांत राबणाऱ्या माणसांच्या पगारातून कापलेले पैसे होते. त्यांतल्या एकालाही आमचं गाव ठाऊक नव्हतं. या योजनेमागचा 'मागेल त्याला काम' हा विचार मांडला वि. स. पागे यांनी. ते विधान परिषदेचे सभापती होते आणि संतवाङ्मयात मुरलेले होते. आईने त्यांचं नावही कधी ऐकलं नाही. कुणी दिलं हे ठाऊक नसताना तिने रोज संध्याकाळी देवापुढे हात जोडले, ते त्या सगळ्यांनाच पोचले असं मी मानते.

एक मात्र नीट समजून घे. मी दुष्काळाचे आभार मानत नाही. हालअपेष्टांनी माणूस घडतो असं सांगणारे पुष्कळ भेटतील. माझ्या धाकट्या भावाची शाळा त्या वर्षी सुटली ती सुटलीच, आणि माझ्याहून हुशार होता तो. उपकार मानायचे ते माणसांचे, संकटाचे नव्हेत. आजही मागे वळून पाहिलं की दुःखांची यादी करावीशी वाटत नाही. कुणी वही दिली, कुणी एसटीचं तिकीट काढलं, कुणी परीक्षेच्या काळात घरी ठेवून घेतलं, तीच माणसं डोळ्यांपुढे येतात. माझं वय झालं, आणि देव आहे याची साक्ष मला या माणसांतच मिळते.

तूही तुझी माणसं आठवून बघ. ज्यांची नावं माहीत नाहीत त्यांच्यासाठी ते दोनशे रुपये आनंदाने जाऊ देत. ज्यांची माहीत आहेत त्यांना भेट. दहावीला ज्या सरांनी तुला एक पैसा न घेता गणित शिकवलं, ते आता थकलेत, नजरही अधू झाली आहे. फोनवर उरकू नकोस आणि दिवाळीपर्यंत थांबूही नकोस. येत्या रविवारी पहिल्या गाडीने ये, आपण दोघं त्यांच्याकडे जाऊ.

तुझी,
आजी