निर्वात डब्यांची कैफियत

पौष-माघात मटार स्वस्त होतो, वैशाखात हापूसच्या पेट्या घरोघरी उतरतात, आणि ज्यांच्या घरी फ्रीझर आहे अशा गृहस्थांस या दोन्ही ऋतूंचा थोडाफार अंश पावसाळ्याकरिता राखून ठेवण्याचा मोह आवरत नाही. याच मोहापायी, झाकणाच्या मध्यभागी रबरी झडप असलेले आणि छोट्या पंपाने आतील हवा उपसावयाचे डबे आमच्या स्वयंपाकघरात दाखल झाले. या डब्यांचे विक्रेते महिनोन्महिने ताजेपणाचे आश्वासन मोठ्या औदार्याने देतात. ते सर्वस्वी असत्य नसते. मात्र ते ज्या अटींवर सत्य ठरते, त्या अटी दुकानात कोणी सांगत नाही.

आम्हांस त्या ओल्या नारळाच्या चवाने सांगितल्या. काही आठवड्यांनी डबा उघडला तो झाकणाच्या आतल्या अंगाला भुरभुरीत हिम साचलेले, वरचा थर कोरडा व पिवळसर झालेला, आणि साऱ्या चवाला खालच्या खणातील बांगड्यांचा दर्प. घरातील पंचांनी प्रथम पंपाला, नंतर डबा बनविणाऱ्या कंपनीला दोषी ठरविले. परंतु झाकण उजेडात धरून तपास केला तेव्हा झडपेखाली खोबऱ्याचा एक तंतू अडकलेला आढळला. तेवढ्या फटीतून बाहेरची हवा हळूहळू आत शिरत राहिली होती.

फ्रीझरच्या कोरड्या थंडीत अन्नातील बर्फ पाण्याचे रूप न घेताच वाफ होऊन उडून जातो, म्हणून पृष्ठभाग शुष्क व चिवट होतो. आणि प्राणवायूच्या संसर्गाने स्निग्धांश खवट होतो, ज्याचा उपद्रव बांगड्यासारख्या तेलकट माशाला व नारळाला अधिक. हवा काढल्याने हे दोन्ही मंदावतात, थांबत नाहीत. कारण घरगुती पंप हवेचा बराचसा भाग काढतो, सगळी हवा नव्हे. शिवाय मटारातील विकरे हवेच्या अभावाने निष्क्रिय होत नाहीत. त्यांकरिता दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावे लागतात आणि मग नीट निथळून, टिपून भरावे लागतात.

याहून गंभीर गोष्ट अशी की निर्वात म्हणजे निर्जंतुक नव्हे. उणे १८ अंशांवर जंतूंची वाढ थांबते, त्यांचा नाश होत नाही. आणि बॉट्युलिझमचे जंतू तर असे की त्यांना हवेचा अभावच मानवतो. त्यांच्या काही जाती ३ अंशांच्या आसपासही वाढू शकतात आणि त्यांच्या विषाला वास असेलच असे नाही. म्हणून मासळीचा डबा वितळण्यासाठी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आणताना प्रथम झडप उचलून हवा आत घ्यावी, हा शिरस्ता आमच्या घरी निरपवाद झाला आहे. भारनियमनाच्या काळात भरलेला फ्रीझर दार न उघडल्यास सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला सुमारे २४ तास. त्यापुढे मात्र केवळ झाकण घट्ट आहे एवढ्यावरून खातरजमा करून घेऊ नये.

भरण्यासंबंधी थोडकेच. गरम रस्सा भरून पंप चालवू नये. दाब उतरताच तो पुन्हा उकळू लागतो आणि वाफ पंपात शिरते. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, तेव्हा आमरस वा रस्सा भरताना दोन बोटे जागा मोकळी सोडावी. भरून झाल्यावर डब्याची कड आणि झडपेची बैठक ओल्या फडक्याने पुसून, मगच झाकण लावावे.

खरी हयगय होते ती धुण्यात. झाकणाच्या खाचेतील रिंग निघते, हेच पुष्कळांस ठाऊक नसते. वर्षभर झाकण वरवर घासले जाते आणि खाचेत तेल, हळद व मासळीचे पाणी यांचा चिकट थर निर्धास्तपणे नांदत असतो. रिंग चमच्याच्या दांड्याने अलगद सोडवावी, सुरीने कदापि नव्हे, कारण एवढासा काप पडला की ती निकामी झाली. खाच आणि झडप कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने घासावी. तारेची घासणी डब्याच्या कडेला लावू नये. तिचे ओरखडे हवेला वाट करून देतात. पंप झाकणातच बसविलेला असेल तर ते झाकण पाण्यात बुडवू नये, ओल्या फडक्याने पुसावे. हळदीचा पिवळेपणा एक-दोन तासांच्या उन्हाने फिकट होतो. मासळीचा दर्प मात्र रिंगमध्ये असा मुरतो की खाण्याचा सोडाही पुरता उपयोगी पडत नाही, सबब मासळीचे डबे वेगळे राखणे हीच तजवीज शहाणपणाची. कुकरच्या रिंगला तेलाचे बोट लावण्याची सवय येथे नको. तेल खाचेत राहून खवट होते.

वाळविण्याची उतावीळ तर आमच्या घरी सर्वांत महाग पडली. खाचेत पाण्याचा थेंब राहिला की फ्रीझरमध्ये त्याचा बर्फ होतो, तो रिंगला कणभर उचलतो, आणि सायंकाळी पक्के बसलेले झाकण पहाटेपर्यंत सैल होते. रिंग, झाकण व झडप निरनिराळी रात्रभर वाळवावीत आणि रिकामे डबे झाकण न लावता ठेवावेत. महिन्या-दोन महिन्यांनी रिकाम्या डब्यातील हवा काढून तो रात्रभर तसाच राहू द्यावा; सकाळी झडप उचलताच फुस्स आवाज झाला तर डबा शाबूत, न झाला तर रिंग बदलण्याची वेळ आली. ती सुटी मिळते की नाही, हे डबा विकत घेतानाच दुकानदाराकडून वदवून घ्यावे आणि जमल्यास एक जादा घेऊन ठेवावी. आमच्या एका डब्याची मिळेना, तेव्हापासून तो फ्रीझरमधून मुक्त होऊन पोह्यांच्या कामी आला आहे.