दाभोळ खाडीतल्या मासळीची नोंद कशी करावी

साहित्य : एकाच आसाचा (जाळीच्या डोळ्याचा) पाग म्हणजे फेकजाळं, खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, दोरीला बांधलेली 20 सेंमीची काळी-पांढरी तबकडी, बूच लावलेली बाटली, फूटपट्टी, पाण्याने भरलेली बादली, वही आणि पेन्सिल.

खाडीत बोई कुठे, मुडदुशी कुठे, हे मच्छीमाराला तोंडपाठ असतं. पण मासा तिथे पाण्याच्या खारेपणामुळे आहे की त्या जागेमुळे, हे नोंदीशिवाय कळत नाही.

आधी ठिकाणं पक्की करा. मुखाशी दाभोळ, मध्ये मालदोली, वर चिपळूणचं गोवळकोट. प्रत्येक ठिकाणी दोन जागा घ्या : एक वाळूची किंवा खडपाची, दुसरी कांदळवनाच्या चिखलाची. पाणी तेच आणि तळ वेगळा, म्हणजे फरक कशाचा ते दिसतं.

मग दिवस ठरवा. तिथीची पाऊणपट केली की मुखाशी भरतीची वेळ साधारण निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास. वर गोवळकोटला ती उशिरा पोचते. उधाणाची (मोठ्या भरतीची) आणि भांगाची (लहान भरतीची) नोंद एकत्र करू नका, सगळी वही फुकट जाते. अष्टमीचा भांग धरा आणि दर ठिकाणी ओहोटी लागल्यावरच सुरुवात करा.

पाणी आधी, मासा नंतर, कारण पाग पडला की गाळ ढवळतो. गढूळपणासाठी तबकडी सोडा, दिसेनाशी झाली की दोरी मोजा. खारं पाणी जड, ते तळालगत खाडीत आत सरकतं. म्हणून बाटली तळाशी सोडून तिथे बूच ओढा. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब टाका, झाकण लावा, उजेडाकडे धरा. निळं संपून पांढरं सुरू होतं तो आकडा लिहा. समुद्राचं पाणी 35 च्या आसपास. काच दर वेळी गोड्या पाण्याने धुवा.

आता दहा वेळा पाग टाका, होडीतूनच. या खाडीत मगरी आहेत, गुडघाभर पाण्यातही उतरू नका. रिकामा पागही लिहायचाच. प्रत्येक माशाची लांबी घ्या. जिताडा अंडी घालायला मुखाकडच्या खाऱ्या पाण्यात जातो आणि पिल्लं वर चढतात. नुसतं नाव लिहिलं तर ही ये-जा हरवते. मोजून झालं की मासे बादलीतून परत सोडा.

हेच मे, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये करा. पुरात खारेपणा उतरतो, जागा मात्र तीच राहते. तेव्हा निघून गेलेला मासा बहुधा पाण्याचा, टिकलेला जागेचा. ही खाडी वाशिष्ठी नदीची, तेव्हा एक गोष्ट विसरू नका : कोयनेच्या वीजघरांचं पाणी पोफळीकडून या नदीत येतं, त्यामुळे उन्हाळ्यातही वरून गोडं पाणी येत राहतं. म्हणून जमल्यास त्याच महिन्यांत, हे पाणी जिथे येत नाही त्या जयगड खाडीतही नोंद करा आणि दोन्ही ताडून पाहा.

माशांची नावं गावच्या तोंडची लिहा, आणि वहीची एक प्रत तिथल्या मच्छीमारांकडे ठेवा.