'हॅव' : एक अडचणीचे क्रियापद

निपाणी-बेळगावकडील विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे वाक्य मला हमखास भेटते. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी ते लिहितो, तसाच कन्नड माध्यमातून आलेलाही. दोघांची चूक एकच, तेव्हा तिचे मूळही एकच असले पाहिजे.

'हॅव'ला तंतोतंत जुळणारे क्रियापद या दोन्ही भाषांत नाही. आपण 'असणे' या क्रियापदावर भागवितो व अर्थातील फरक विभक्तीने किंवा शब्दयोगी अव्ययाने दाखवितो. 'मला दोन भाऊ आहेत' हे नाते झाले. 'माझ्याजवळ पुस्तक आहे' ही वस्तू झाली. कन्नडमध्येही 'ननगे इब्बरु अण्णंदिरु इद्दारे' आणि 'नन्न हत्तिर पुस्तक इदे' असेच म्हणतात. इंग्रजी मात्र भाऊ, पुस्तक, ताप, वेळ या सर्वांना 'हॅव'च्या एकाच दावणीला बांधते. आपल्या मनातला 'आहे' काही सुटत नाही. म्हणूनच 'हॅव'च्या आधी 'ॲम' येऊन बसतो, असे मला वाटते.

तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) नाते, मालकी किंवा आजार सांगताना 'हॅविंग' नको. 'आय हॅव टू ब्रदर्स' एवढेच पुरे. खाणे-पिणे असा अर्थ असेल, तर मात्र 'आय ॲम हॅविंग टी' हे शुद्ध आहे.

(२) 'हॅव'पुढे 'टू' आणि क्रियापद आले, की सक्तीचा अर्थ होतो. 'आय हॅव टू गो' म्हणजे 'मला गेले पाहिजे'. कन्नडमध्ये 'नानु होगबेकु'.

(३) 'आय हॅव सीन हिम' हे बरोबर. पण त्याला 'यस्टरडे' जोडता येत नाही. 'मी त्याला काल पाहिले आहे' हे मराठीत खपते. इंग्रजीत 'आय सॉ हिम यस्टरडे' असेच हवे.

सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, कन्नड व उर्दू बोलणारे शेजारी आपापली भाषा राखूनही वाक्यरचनेत किती जवळ आले आहेत, हे जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविले. आपल्या वर्गातील बाकांवरही तेच दिसते.

अशा चुकांपायी 'इंग्रजी आपल्याला जमायचे नाही' असे समजून कितीतरी मुले वर्गात तोंड उघडत नाहीत. त्यांना माझे सांगणे एवढेच, की ही चूक बुद्धीची नव्हे. आपल्या भाषेचा नियम परक्या भाषेला लावल्याची आहे. तो नियम ओळखावा आणि शेजारच्या कन्नड अथवा मराठी मित्राची वही आपल्या वहीशी ताडून पाहावी. इंग्रजी सुधारेलच, शिवाय शेजाऱ्याची भाषाही थोडी उमजेल.