मूठभर धान्याचा हिशेब



एखादी सेवाभावी संस्था युवकांसाठी काम करू लागली की आपण पहिला प्रश्न विचारतो, "यांना पैसा कुठून येतो?" प्रश्न रास्त आहे. पण या कामात आपला वाटा किती, हा दुसरा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत आणि एका पंगतीत जेवत. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. मुलांना उपाशी ठेवायचे नाही म्हणून लक्ष्मीबाईंनी दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले, हे आपण शाळेत ऐकलेले असते. मुष्टिफंडाची गोष्ट मात्र मागे पडते. आम्हाला तीच अधिक मोलाची वाटते. घरातल्या बाईने मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे आणि ते गोळा होऊन मुलांच्या जेवणासाठी जायचे. मंगळसूत्र एकदाच देता येते, मूठ पुन्हापुन्हा काढता येते. शिवाय मूठ देणाऱ्या घराला विचारण्याचा हक्क मिळतो: मुले शिकतात का? जेवण बरे असते का? पुढे स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने काही काळ संस्थेचे अनुदान थांबवले, तेव्हाही शाळा टिकल्या, कारण लोक त्यांना आपल्या मानत होते.

मिझोराममधील प्रेस्बिटेरियन स्त्रिया १९१० पासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. ॲरिस्टॉटलने म्हटले आहे की औदार्य रकमेवरून ठरत नाही, देणाऱ्याच्या ऐपतीवरून ठरते. मंदिरात दोन नाणी टाकणाऱ्या विधवेविषयी प्रभू येशूने हेच सांगितले.

आता आपल्या शहराकडे वळू. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या वसाहतींत मोठे कारखाने आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. त्यातून युवकांसाठी प्रशिक्षण वर्ग निघतात. आम्ही त्याला नावे ठेवत नाही. पण असा निधी बहुधा प्रकल्पापुरता असतो. मुदत संपली की वर्ग बंद होतो. वैजापूर किंवा पैठणकडून आलेला मुलगा मात्र तेव्हा कुठे शहरात रुळू लागलेला असतो. फी माफ झाली तरी खोलीचे भाडे, खानावळ, बसचा पास कोण देणार? बहुतेक मुले वर्ग सोडतात ती या कारणाने, बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे, असे आमचे मत आहे.

येथे पैशाशिवायही पुष्कळ करता येते. संत डॉन बॉस्को यांनी १८५२ साली तुरीन शहरात एका सुताराशी लेखी करार केला. शिकाऊ मुलाला सुतारकामच शिकवायचे, घरकामाला लावायचे नाही, चूक झाली तर शब्दांनी समजवायचे, मारायचे नाही, रविवारी व सणाला सुट्टी द्यायची, असे त्यात लिहिले होते. त्याखाली मालकाबरोबर मुलाचे वडील आणि डॉन बॉस्को यांच्याही सह्या होत्या. कागद साधाच होता, पण त्यामुळे मुलाच्या पाठीशी कोणीतरी उभे आहे हे मालकाला कळले.

आपल्यात कारखान्यात सुपरवायझर आहेत, आयटीआयमध्ये शिकलेले फिटर, वेल्डर आहेत, परिचारिका आणि निवृत्त शिक्षक आहेत. एखाद्या संस्थेच्या वर्गात महिन्यातून एक रविवार दुपार इंग्रजी किंवा मशीनचे ड्रॉइंग शिकवणे त्यांना जमेल. ज्यांच्या घरी रिकामी खोली आहे त्यांनी भाड्याचा विचार करावा. आणि देणगी देताना संस्थेला वार्षिक हिशेब मागावा, गेल्या वर्षीची किती मुले आज कामावर आहेत हेही विचारावे. चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही.