शवासनात रक्तदाब का उतरतो?

शेलूला आमच्या घरी रविवारी सकाळी काही मुले भौतिकशास्त्राच्या शंका घेऊन येतात. गेल्या पावसाळ्यात त्यांतील दहावीच्या एका मुलाने पुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारला. "सर, बाबांनी ब्लडप्रेशरची गोळी बंद केली. आता रोज शवासन करतात. चालेल ना?" मी डॉक्टर नाही. 'चालेल' किंवा 'चालणार नाही' असे सांगण्याचा मला अधिकार नव्हता. पण दाब हा आमच्या विषयातला शब्द आहे आणि शवासनाचा रक्तदाबावर काय परिणाम होतो याचे मोजमाप आपल्या मुंबईतच झालेले आहे. त्याला जे सांगितले तेच येथे सांगतो.

रक्तदाब १२० म्हणजे १२० मि.मी. उंचीच्या पाऱ्याच्या स्तंभाएवढा दाब. पारा रक्ताच्या सुमारे १३ पट जड असतो. म्हणून हाच दाब रक्ताच्या स्तंभात मोजला तर उंची दीड मीटरच्या थोडी वर जाते. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या रोहिणीत नळी बसवून हे प्रत्यक्ष पाहिले आणि १७३३ साली प्रसिद्ध केले. रक्त आठ फुटांहून वर चढले होते. (घोडीचे पुढे काय झाले ते न विचारलेले बरे!)

आता उंच टाकी आणि तिच्या खालचे नळ डोळ्यांसमोर आणा. नळ जितका खाली तितका पाण्याचा दाब जास्त. आपण उभे असताना पाऊल हृदयापासून सुमारे १३० सें.मी. खाली असते. १३ ने भागा. पावलातील रक्तावर १०० मि.मी. पाऱ्याइतका जादा दाब येतो. मान हृदयाच्या साधारण २० सें.मी. वर, म्हणून तेथे दाब सुमारे १५ मि.मी. कमी. आडवे झालो की हे सारे नळ एकाच पातळीवर येतात. पायांत साठलेले रक्त हृदयाकडे परतते आणि मानेतील दाब वाढतो. मानेतल्या मोठ्या रोहिणीच्या भिंतीत दाब ओळखणारी चेतातंतूंची टोके आहेत. ती मेंदूला वर्दी देतात आणि मेंदू हृदयाला सांगतो, सावकाश चल.

हे तुम्हांला घरी पडताळता येईल. पाच मिनिटे उताणे पडून एक मिनिट नाडी मोजा. मग उभे राहून पुन्हा मोजा. आकडा वाढलेला दिसेल. नंतर स्वस्थ बसून मिनिटाला सहा इतका संथ श्वास घ्या आणि बोट नाडीवरच ठेवा. श्वास आत घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना रेंगाळतात. तुमच्या वयात हा फरक चांगला जाणवतो. हृदयाला आवर घालणारी चेता उच्छ्वासाच्या वेळी अधिक जोमाने काम करते, त्याचा हा परिणाम.

पण मग शंका अशी येते की, नुसते आडवे पडणे आणि शवासन यांत फरक तो काय?

कर्जतहून बोरघाट चढून गेले की लोणावळा. तेथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि आसने करणाऱ्यांचा रक्तदाब, क्षकिरणचित्रे अशी तपासणी सुरू केली. त्यांच्याबरोबर ग्रंथलेखन केलेले डॉ. विनेकर पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांच्या प्रयोगात सहभागी झाले. या प्रयोगाचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले होते. उताणे पडायचे, पोटाने संथ श्वास घ्यायचा आणि नाकपुडीत हवेचा जो स्पर्श होतो त्याकडे लक्ष द्यायचे, रोज अर्धा तास. औषध न घेणाऱ्या दहा जणांचा सरासरी दाब १३४ वरून १०७ वर आला. औषध घेणाऱ्यांपैकी कित्येकांची मात्रा कमी करता आली. सगळ्यांची नव्हे, हे लक्षात ठेवा.

नुसती विश्रांती घेणाऱ्यांशी तुलना झाली ती लंडनमध्ये. डॉ. चंद्रा पटेल यांनी ३४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला शवासनासारखे शिथिलीकरण शिकवले आणि ते साधले की नाही हे दाखवणारे यंत्र जोडले. दुसरा गट तितकाच वेळ नुसता पडून राहिला. १९७५ साली आकडे प्रसिद्ध झाले. पहिल्या गटाचा दाब १६८/१०० वरून १४१/८४ झाला, दुसऱ्याचा १६९/१०१ वरून १६०/९६. पडून राहण्यानेही थोडे उतरते, शिकून केलेल्या शिथिलीकरणाने बरेच अधिक. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण शंकेखोर माणसाचे तोंड तो आकड्यांनी बंद करतो.

इतका फरक पडतो कसा? मन ताणलेले असले की बारीक रोहिणिकांभोवतीचे स्नायू आवळलेले राहतात. नळीचा विरोध तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. त्रिज्या फक्त ५ टक्के वाढली तरी विरोध सुमारे १८ टक्के घटतो. गणित करून पाहा. (टाकी आणि नळांच्या हिशेबाने शीर्षासनात डोक्यातील दाब वाढतो. उच्च रक्तदाबाच्या माणसाने ते आपल्या मनाने करू नये.)

पण दाब उतरणे आणि हृदयविकार टळणे या दोन गोष्टी एक नव्हेत. भारतातील २४ रुग्णालयांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३९५९ रुग्णांवर योगाचा मोठा प्रयोग झाला. २०२० साली निष्कर्ष आले. योग करणाऱ्यांना बरे वाटत होते, ते पूर्वीच्या कामांकडे अधिक चांगले परतले. पण मृत्यू किंवा पुन्हा झटका यांत खात्रीने सांगता येईल असा फरक आढळला नाही. आणि दात्यांच्या रुग्णांची मात्रा कमी केली होती ती डॉक्टरांनी, वारंवार दाब मोजून. हे मी त्या मुलाला दोनदा सांगितले. वाढलेला दाब बहुधा दुखत नाही, तेव्हा बाबांना बरे वाटते हा पुरावा होत नाही.

बाबा डॉक्टरांकडे गेले. दाब १६२/१०० निघाला. गोळी पुन्हा सुरू झाली, शवासनही चालू राहिले आणि मनगटावर बांधायचे इलेक्ट्रॉनिक यंत्र आणून मुलाने वही घातली. महिन्याभराने तो वही घेऊन आला. संध्याकाळचे आकडे सकाळपेक्षा रोज १८-२० ने जास्त! मी विचारले, मोजताना हात कोठे असतो? सकाळी टेबलावर छातीच्या पातळीला, संध्याकाळी मांडीवर. म्हणजे मनगट सुमारे २५ सें.मी. खाली. त्याने तेथेच १३ ने भागले, उत्तर १९ आले आणि वहीतले संध्याकाळचे सगळे आकडे खोडून टाकले.